कृत्रिम पाय अंगाशी कसा बसतो : नागपूर-विदर्भातल्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी

पाय कापल्यानंतर घरचे लोक भेटायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो : "चांगल्यातला पाय केवढ्याला पडते?" काळजीपोटीच विचारलेला असतो, पण तो चुकीच्या भागाबद्दल असतो. त्यांच्या डोळ्यांपुढे पंजा असतो, घोटा असतो, कंपनीचं नाव असतं. मात्र माणूस चालू शकेल की नाही हे ठरतं सॉकेटवर. उरलेला पाय, म्हणजे स्टंप, ज्या खोलगट कवचात बसतो ती ही सॉकेट. पंजा कितीही भारी घ्या, सॉकेट चावत असेल तर तो पाय महिनाभरात पलंगाखाली जातो. साधा पंजा आणि नीट बसलेली सॉकेट असेल, तर माणूस भंडाऱ्याच्या धानाच्या बांधीतही उभा राहतो.

म्हणून हा लेख जोडाबद्दल आहे. बराचसा भाग गुडघ्याखाली कापलेल्या पायाचा आहे. मांडीतून कापलेला पाय आणि हात यांच्याबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

भार नेमका कुठे पडतो

आपण उभे राहतो तेव्हा अंगाचा भार हाडांतून टाचेपर्यंत उतरतो. टाचेखालची कातडी आणि चरबीची गादी त्यासाठीच घडलेली असते. नडगीतून पाय कापला की ती गादी जाते. हाडाचं कापलेलं टोक भार सोसू शकत नाही. त्यावर थेट उभं राहिलं तर आतून हाड आणि बाहेरून सॉकेट, यांच्यात कातडी चिरडते. त्यामुळे भार टोकावर न घेता स्टंपच्या बाजूंवर वाटून घ्यावा लागतो. घोट्यातून किंवा गुडघ्याच्या सांध्यातून कापलेल्या पायाचं टोक बऱ्यापैकी भार घेतं, पण ती प्रकरणं वेगळी.

दाब सोसणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत : गुडघ्याच्या वाटीखालची जाड स्नायुदोरी, नडगीच्या हाडाचा वरचा आतल्या बाजूचा उतार, आणि पोटरीचा मऊ मांसल भाग. दाब न सोसणाऱ्या जागाही ठरलेल्या आहेत : नडगीची पुढची धार, हाडाचं टोक, गुडघ्यामागच्या दोन ताठ दोऱ्या, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागणारी ती छोटी गोल गाठ. ही गाठ म्हणजे बाहेरच्या बारीक हाडाचं डोकं. तिच्याजवळून एक नस अगदी वरवरून जाते, म्हणून तिथे दाब पडला की स्टंपमध्ये झिणझिण्या येतात.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात वाटीखालच्या दोरीवर मुख्य भार देणारी सॉकेट तयार झाली. ती पीटीबी या नावाने ओळखली जाते. पुढे स्टंपच्या सगळ्या पृष्ठभागावर भार पसरवणाऱ्या सॉकेट आल्या. आपल्याकडे दोन्ही बनतात. कातडीवर चढवायचा मऊ लायनर वापरायचा असेल तर दुसरी पद्धत सोयीची पडते.

टाके निघाल्यापासून माप देईपर्यंत

हा काळ फुकट जातो आणि मग पुढे महाग पडतो. जखम भरेपर्यंत रुग्ण खाटेवर, गुडघ्याखाली उशी. घरच्यांना वाटतं आराम मिळतोय, पण गुडघा वाकलेला राहून आखडत जातो. एकदा आखडला की सरळ करायला महिने लागतात, आणि वाकलेल्या गुडघ्यावर पाय नीट बसत नाही. उशी काढा. गुडघा सरळ ठेवा. मांडीतून कापलेला असेल तर डॉक्टरांना विचारून दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं पोटावर झोपवा, म्हणजे खुबा आखडत नाही. खुर्चीत दिवसभर बसवून ठेवणं हेही आखडण्याचंच निमंत्रण आहे.

दुसरं काम सूज उतरवण्याचं. क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकारात, तिरपे वेढे देत बांधायचं. टोकाकडे घट्ट, वर येताना सैल. गोल गोल वेढे देऊ नका. त्याने स्टंपला करकोचा पडतो आणि खालचा भाग जास्तच सुजतो. गुडघ्याखाली साधारण दहा सेंटीमीटर रुंदीचं बँडेज पुरतं, मांडीला पंधराचं. दर चार-सहा तासांनी सोडून पुन्हा बांधायचं. ठणका वाढला किंवा कातडी निळसर दिसली तर लगेच सोडायचं. बांधायला जमत नसेल तर श्रिंकर नावाचा घट्ट मोजा मिळतो, तोही चालतो, पण टाके निघाल्यावरच आणि डॉक्टरांना दाखवून.

जखम कोरडी झाली की त्या जागेला हात लावायला सुरुवात करा. स्वच्छ हाताने, थोडं खोबरेल तेल लावून, व्रणाच्या आजूबाजूची कातडी हळूहळू हलवायची. व्रण हाडाला चिकटला तर सॉकेटमध्ये प्रत्येक पावलाला तो ओढला जातो. पुष्कळ लोक स्टंपकडे बघतच नाहीत, घरचेही तोंड फिरवतात. रोज हात लावल्याने कातडी सरावते आणि मनही.

माप साधारण सहा ते आठ आठवड्यांनी घेतात. मधुमेह असेल, जखम रेंगाळली असेल तर उशिरा. घाई करून सुजलेल्या स्टंपचं माप दिलं, तर पाय तयार होईपर्यंत सॉकेट ढिली झालेली असते.

माप आणि साचा

मापाच्या दिवशी काय होतं ते नीट बघा, कारण कारागिराचं काम इथेच दिसतं. स्टंपवर ओला पातळ मोजा चढवतात. त्यावर जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल घेऊन बोटांनी चाचपत खुणा करतात : वाटीची कड, वाटीखालची दोरी, नडगीची धार, बाहेरची गाठ, हाडाचं टोक. मग त्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळतात आणि प्लास्टर घट्ट होईपर्यंत दोन्ही अंगठे वाटीखाली दाबून धरतात. साचा काढला की जांभळ्या खुणा आतल्या बाजूला उमटलेल्या दिसतात. त्या साच्यात प्लास्टर ओतलं की त्याच खुणा पांढऱ्या ठोकळ्यावर उतरतात. दाब सोसणाऱ्या जागी ठोकळा कानसीने घासतात, म्हणजे सॉकेट तिथे आत दाबते. नाजूक जागी वरून प्लास्टर चढवतात, म्हणजे सॉकेटमध्ये तिथे पोकळी राहते. खुणाच चुकल्या तर पुढचं सगळं चुकतं. खुणा न करता माप घेणारा कुणी दिसला तर विचारा, लाजू नका. काही केंद्रांत स्कॅनरने माप घेतात. तिथेही नाजूक जागा हाताने चाचपून नोंदवल्या पाहिजेत.

ठोकळ्यावर तापवलेलं प्लॅस्टिक ओढून किंवा रेझिनचे थर चढवून सॉकेट बनते. खाली नळी आणि पंजा.

इथे जयपूर फूटबद्दल सांगायला हवं. १९६८ साली जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबर आणि लाकडाचा हा पंजा घडवला. अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल, मांडी घालता येईल, चिखलपाण्यात जाता येईल, असा विचार त्यात आहे. आपल्या जगण्याला तो आजही शोभतो. पण जयपूर फूट हे पंजाचं नाव आहे. "जयपूर फूट बसवला" एवढं ऐकून सॉकेट कशी आहे हे कळत नाही, ते वेगळं तपासावं लागतं.

ट्रायलला काय तपासायचं

उभं राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या. कंबरेची दोन्ही हाडं एका पातळीत आहेत का, हे मागे उभ्या माणसाला बघायला सांगा. दहा-पंधरा मिनिटं दोन कठड्यांमध्ये चाला. मग पाय काढा, मोजा काढा आणि कातडी बघा.

वाटीखाली आणि आतल्या उतारावर लाली असेल तर ती हवीच. दहा मिनिटांत उतरते. नडगीच्या धारेवर, गाठीवर किंवा टोकावर लाली असेल, ती उतरत नसेल, तर सॉकेट तिथे मोकळी करून घ्या. "वापरून वापरून बसेल" हे हाडाच्या बाबतीत खरं नाही. प्लॅस्टिक सैल होत नाही, कातडी मात्र फाटते.

टोकाची तपासणी वेगळी. सॉकेटच्या तळाशी मुलांच्या खेळण्यातल्या क्लेची छोटी गोळी ठेवून उभं राहायला सांगतात. गोळी अगदी पापडासारखी चपटी झाली तर टोकावर जास्त भार आहे. जशीच्या तशी गोल राहिली तर तळाशी पोकळी आहे. पोकळीचा धोका लोकांना कळत नाही. वर घट्ट आणि खाली पोकळ, अशा सॉकेटमध्ये टोकाकडे रक्त साचतं, कातडी काळपट-जांभळी पडते, जाड होते, पुढे चिरते. गोळी थोडी दबलेली हवी. घरीही ही तपासणी करता येते.

चप्पल-बूट ट्रायललाच घेऊन जा, रोज घालणार तेच. पंजाची मांडणी टाचेच्या उंचीवर बेतलेली असते. नंतर जास्त टाचेचा बूट घातला तर प्रत्येक पावलाला गुडघा पुढे ढकलला जातो. सपाट चप्पल घातली तर गुडघा मागे रेटला जातो. पुष्कळांना पाय बिघडला असं वाटतं, आणि बदललेली असते चप्पल.

पाय निसटत का नाही

भार घेणं ही एक गोष्ट, आणि पाऊल उचललं की पाय अंगाला धरून राहणं ही दुसरी. सगळ्यात साधा उपाय गुडघ्याच्या वर बांधायचा पट्टा किंवा रबरी बाही. दुसरा उपाय सिलिकॉनचा लायनर. तो उलटा करून टोकापासून कातडीवर गुंडाळत न्यायचा, आत हवा राहू द्यायची नाही. त्याच्या तळाला पिन असते, ती सॉकेटच्या तळातल्या कुलपात टकटक करत अडकते. तिसरा उपाय निर्वाताचा : झडपेतून हवा बाहेर जाते, परत आत येत नाही, आणि सॉकेट चिकटून राहते. पट्टा स्वस्त, दुरुस्तीला सोपा आणि गावात चालणारा. लायनरची पकड जास्त चांगली, पण तो झिजतो, बदलावा लागतो आणि त्याचा खर्च पुन्हा पुन्हा येतो. पाय घेतानाच लायनरची किंमत आणि तो किती टिकेल हे विचारून ठेवा. नाही तर पाय शाबूत आणि लायनर फाटलेला, म्हणून माणूस घरी, असं होतं.

स्टंप सॉकेटमध्ये वर-खाली सरकतो का, हे ओळखायला मोज्यावर सॉकेटच्या कडेशी पेनाने रेघ मारा आणि पाय उचला. रेघ चांगलीच वर आली तर पकड ढिली आहे.

मोज्यांचं गणित

हा भाग दोनदा वाचावा, कारण तक्रारींचं मूळ बहुधा इथे असतं. "सकाळी बराबर होता, दुपारी ढिल्ला झाला जी" हे वाक्य मी सतत ऐकतो. पाय बिघडलेला नसतो. दिवसभर दाबाखाली राहून स्टंप थोडा आकसतो. पहिल्या वर्षात तर तो महिन्यागणिक बारीक होत जातो. सॉकेट तेवढीच राहते. मधली जागा मोज्यांनी भरायची असते.

मोजे प्लायवर, म्हणजे जाडीवर, मोजतात : एक, तीन, पाच. सकाळी एक प्लाय घातला असेल आणि दुपारी टोक तळाला टेकून दुखायला लागलं, वाटीच्या खालच्या हाडावर कड लागायला लागली, तर स्टंप खाली उतरला आहे. एक प्लाय वाढवा. उलट पाय घालताना स्टंप आत जातच नाही, पाय लांब वाटतो, गाठीवर दाब येतो, तर मोजे जास्त झाले. एक कमी करा. पिनवाल्या पायात कुलपाचे टकटक आवाज मोजा, रोजच्यापेक्षा कमी झाले तर स्टंप पूर्ण आत गेलेला नाही.

बाहेर जाताना एक-दोन जास्तीचे मोजे पिशवीत ठेवा. एकूण दहा प्लायच्या पुढे गेलात की मोजे वाढवू नका, नवी सॉकेट घ्या. इतक्या जाड थराने खुणांच्या जागा हलतात आणि दाब भलतीकडे पडतो. कापूस, चिंधी, स्पंज स्वतःच्या हाताने आत कोंबू नका. मोज्याला घडी पडली तरी तासाभरात फोड येतो, मग स्पंजाच्या कडेने काय होईल ते सांगायला नको.

कातडी, घाम आणि नागपूरचा मे महिना

पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की लायनरमध्ये घामाचं पाणी साचतं. पिन असली तरी पाय गुळगुळीत होऊन फिरायला लागतो, आणि ओली कातडी लवकर सोलली जाते. यावर उपाय एकच, आणि तो गावातल्या माणसालाही जमतो : दुपारी सावलीत बसून पाय काढायचा, स्टंप आणि लायनर सुती कापडाने कोरडा करायचा, पाच मिनिटं हवा लागू द्यायची, पुन्हा घालायचा. लोकांसमोर पाय काढायची लाज वाटते, हे मला माहीत आहे. घरच्यांनी, दुकानमालकाने, ऑफिसातल्या सोबत्यांनी एक कोपरा दिला तर हा प्रश्न अर्धा सुटतो. साधे मोजे वापरत असाल तर कातडीला लागून पातळ नायलॉनचा मोजा घाला. घाम वरच्या मोज्यात जातो, घर्षण कमी होतं.

स्टंप धुवायचा तो रात्री. सकाळी धुतलेली कातडी फुगलेली असते, सॉकेटला चिकटते. सौम्य साबण, भरपूर पाणी, पूर्ण कोरडं पुसणं. लायनरही रोज रात्री धुवा, सावलीत वाळवा. कडक उन्हात टाकला तर तो लवकर खराब होतो. पावडरचे थर नकोत. स्टंपवर ब्लेड चालवू नका, बारीक केस आत वळून फोड होतात.

रोज रात्री हातातल्या आरशात स्टंपचं टोक आणि मागची बाजू बघा. मधुमेह असेल तर हे जेवणाइतकंच नेमाने करा. संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे जखम झाली तरी दुखत नाही. दुखणं सांगेल याची वाट बघू नका, डोळ्यांनी बघा. दिसत नसेल तर घरच्यांनी बघावं. त्याच वेळी दुसराही पाय तपासावा, बोटांच्या बेचक्यांसकट. तो वाचवणं हे आता सगळ्यात मोठं काम आहे. फोड फुटला, चीर पडली, तर ती भरेपर्यंत कृत्रिम पाय घालायचा नाही. दोन दिवस कुबड्या वापरलेल्या परवडतात.

सुरुवातीला पाय दिवसभर घालू नका. अर्धा-एक तास, मग काढून बघा, दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. काठी कृत्रिम पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. कठड्यांमध्ये जमलं की सपाट फरशी, मग उतार, मग अंगणातली ओबडधोबड जमीन.

मांडीतून कापलेला पाय, आणि हात

मांडीत भार घेण्यासाठी बैठकीच्या हाडाचा उपयोग होतो. सॉकेटची मागची कड त्या हाडाला आधार देते किंवा हाड आत घेते. बसल्यावर जांघेत कड टोचत असेल तर ती ट्रायललाच घासून घ्या. पकडीसाठी झडप किंवा कंबरपट्टा असतो. यांत्रिक गुडघा हा वेगळा विषय आहे. वयस्कर माणसाला चालताना कुलूप लागणारा गुडघा सुरक्षित पडतो. या चालण्याला शक्ती बरीच जास्त लागते, हृदयाचा त्रास असेल तर आधी तपासणी करून घ्या.

हाताचं तंत्र दोन प्रकारचं. पट्ट्यावर चालणाऱ्या हातात दुसऱ्या खांद्यावरून पट्टा आणि तार येते. खांदा पुढे ताणला की पंजा उघडतो. विजेवर चालणाऱ्या हातात सॉकेटच्या आत कातडीला टेकलेले इलेक्ट्रोड असतात. स्नायू आवळला की निर्माण होणारे सूक्ष्म विद्युत संकेत ते टिपतात आणि मोटर फिरते. इलेक्ट्रोड कातडीवरून सरकला की हात ऐकत नाही, म्हणजे इथेही गाडी सॉकेटवरच येते. शिकागोत टॉड कुइकेन यांच्या चमूने २००२ मध्ये कापलेल्या हाताच्या नसा छातीच्या स्नायूंना जोडून दाखवल्या. माणसाने मनात मूठ वळली की छातीचा स्नायू हलतो आणि कृत्रिम हात ते वाचतो.

नसलेला पाय दुखतो तेव्हा

पाय नाही, पण अंगठा खाजतो, तळवा जळतो. घरचे घाबरतात, कुणी बाहेरचं बघायला नेतं. हे वेड नाही, करणीही नाही. मेंदूत त्या पायाची जागा अजून आहे आणि कापलेल्या नसांकडूनही संकेत जात राहतात. नुसती जाणीव असेल तर औषध लागत नाही, उलट पाय चालवताना ती मदतच करते. दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा, औषधं आहेत. आरशाचा उपायही करून बघण्यासारखा आहे : दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरून चांगला पाय हलवायचा आणि आरशातल्या पायाकडे बघायचं. १९९० च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी हा उपाय मांडला. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण खर्च आरशाचाच. स्टंपवर एका जागी बोट लावताच वीज चमकल्यासारखी कळ येत असेल तर तिथे नसेची गाठ असू शकते, ती दाखवून घ्या.

हाडात रोवलेला पाय

सॉकेट नकोच, हाडालाच पाय जोडा, असंही होतं. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडावर काम करताना दिसलं की टायटॅनियम आणि हाड एकमेकांना घट्ट धरतात. आधी दात बसवले गेले. १९९० मध्ये स्वीडनमध्येच मांडीच्या हाडात खुंटी बसवून पाय जोडला. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने अशा एका पद्धतीला पूर्ण मान्यता दिली. खुंटीचं टोक कातडीतून बाहेर राहतं, पाय त्यालाच लागतो. चावणं नाही, घाम नाही, खालची जमीनही बरीच जाणवते. पण ते भोक कायम उघडं असतं. जंतुसंसर्गाची टांगती तलवार राहते, आणि मधुमेह, खराब रक्तवाहिन्या किंवा धूम्रपान असेल तर बहुधा नकारच मिळतो. आपल्याकडच्या बहुतेकांसाठी चांगली सॉकेट हाच आजचा रस्ता आहे.

नागपुरात कुठून सुरू करायचं

मेडिकल, मेयो किंवा एम्समध्ये शस्त्रक्रिया झाली असेल तर सुट्टीआधीच फिजिओथेरपिस्टची भेट मागा. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन करा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला पुढच्या बहुतेक सवलतींना लागतो. केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे, लोक त्याला सीआरसी म्हणतात. एडिप या केंद्र सरकारच्या योजनेतून उत्पन्नाच्या अटीवर कृत्रिम पायासारखं साहित्य मिळतं. त्यातलं बरंचसं कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्याचं असतं. खासगीत जात असाल तर पाय बनवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी बघून घ्या.

गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून येणाऱ्यांनी केंद्र निवडताना एकच प्रश्न आधी विचारावा : सॉकेट घासायला, मोकळी करायला मी परत आलो तर कोण बघेल, आणि किती पैसे पडतील? शिबिरात एका दिवसात मिळालेला पायही चांगला असू शकतो, पण शिबिर उठल्यावर दुरुस्तीचं ठिकाण कोणतं, हे लिहून घ्या.

पहिली भेट दोन आठवड्यांत, मग पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी. पहिल्या वर्षात सॉकेट बदलावी लागली तर तो खर्च वाया गेला असं समजू नका, स्टंप बारीक होणारच असतो. लहान मुलांची तर वाढीबरोबर सॉकेट आणि नळीची लांबी दोन्ही बदलत राहतात. नवा पाय आला की जुना भंगारात देऊ नका. पट्टा आणि बोल्ट नीट करून ठेवा. नवा दुरुस्तीला गेला, किंवा रोवणीच्या दिवसांत चिखलात उतरायचं असलं, की तो कामाला येतो. फक्त घालण्याआधी त्यातही क्लेची गोळी ठेवून बघा.